जोंधळा, ज्वारी आणि लाल शाई

एका उत्तरपत्रिकेत विद्यार्थ्याने ‘जोंधळा’ असे लिहिले होते. आमच्यापैकी एकाने तो शब्द लाल शाईने खोडून वर ‘ज्वारी’ लिहिले. दुसऱ्यालाही त्यात काही वावगे वाटले नाही. जालना जिल्ह्यात मराठी शिकवणाऱ्या, जोंधळ्याच्या भाकरीवरच वाढलेल्या आम्हां लोकांच्या हातून हे घडावे, याची खंत हे टिपण लिहिण्यास कारण झाली. दुरुस्ती म्हणून आम्ही जे केले ती चूकच होती, असे आज आमचे मत आहे.

प्रथम या दोन शब्दांची कुळे पाहू. ‘ज्वारी’चे मूळ अभ्यासक संस्कृत ‘यव’ या शब्दाकडे नेतात. पण यव म्हणजे जव. ज्वारी हे पीक मूळचे आफ्रिकेतले, सुदानच्या परिसरातले. तेथून ते आपल्याकडे आले. परक्या धान्याला ओळखीच्या धान्याच्या नावाने हाक मारावी, तसे हे नाव पडले. ‘जोंधळा’ म्हणताना मात्र कानावर तेलुगूतला ‘जोन्नलु’, कन्नडातला ‘जोळ’ आणि तमिळमधला ‘चोळम्’ येतो. देवाणघेवाणीची दिशा कोणतीही असो, दख्खनच्या पठारावरील शेतकऱ्यांचा शेजार या शब्दात मुरलेला आहे, हे नाकारता येत नाही. १९४८ पर्यंत ज्या हैदराबाद संस्थानात तेलुगू, कन्नड, उर्दू आणि मराठी एकत्र नांदल्या, त्या मुलखातल्या मुलाने हा शब्द लिहिला होता. त्याला अशुद्ध ठरवण्याचा अधिकार आम्हांला कोणी दिला?

‘शुद्ध’ म्हणजे संस्कृतोद्भव, अशी एक समजूत आपल्या वर्गांत अजून टिकून आहे. परंतु संस्कृत तरी कोठे सोवळ्यात राहिली? ‘गहू’ आला ‘गोधूम’वरून, आणि ‘गोधूम’चा फारसी ‘गंदुम’शी असलेला संबंध पाहिला की गाय आणि धूर ही फोड मागाहून जुळवलेली आहे हे कळते. बाहेरून आलेल्या शब्दाला घरचा अर्थ देण्याची ही रीत लोकभाषेची. ती संस्कृतानेही पाळली.

जगात अन्यत्र काय दिसते? स्पॅनिश भाषेत गव्हाला ‘त्रिगो’ म्हणतात, तो लॅटिनमधून आला. तांदळाचा ‘अर्रोस’ अरबांकडून आला. मक्याचा ‘माईस’ कॅरिबियन बेटांवरील ताइनो लोकांचा. रोमन सत्ता, अरबांची राजवट आणि अमेरिकेवरील स्वारी असा सारा इतिहास तीन धान्यांच्या नावांत सापडतो. पावाला ते ‘पान’ म्हणतात. त्याच लॅटिन मुळापासून सोबत्यासाठी ‘कोम्पान्येरो’ हा शब्द झाला : जो आपल्याबरोबर पाव खातो तो. पोर्तुगिजांच्या तोंडी तोच पाव ‘पांव’ झाला आणि गोव्याच्या वाटेने मराठीत स्थिरावला. पायांनी तुडवतात म्हणून पाव, ही प्रचलित व्युत्पत्ती म्हणजे गोधूमाचाच खेळ पुन्हा एकदा.

अर्थाच्या बाजूने पाहिले तर आपले शब्दही कमी बोलके नाहीत. ‘भात’ ज्या ‘भक्त’ शब्दापासून आला त्याच्या मुळाशी वाटून देणे आहे. ‘भाग’ त्याचाच भाऊबंद. आपण ‘आपल्याच पोळीवर तूप ओढतो’, भाकरीवर नव्हे. भाकरी ‘पोटापाण्याची’ असते, ‘कष्टाची’ असते. वाक्प्रचारांनीच येथे वर्गभेद नोंदवून ठेवला आहे. राजकारणात उठल्यासुटल्या भाकरी फिरवली जाते. पण काठवट, उंडा, पिठाची विरी हे भाकरी करणारणीचे शब्द त्या चर्चेत कधी येत नाहीत.

आणि हे शब्द घडणे थांबलेले नाही. १९६४ मध्ये ‘सीएसएच-१’ हा ज्वारीचा पहिला संकरित वाण आला. त्याच वर्षी बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महिको ही बियाणे कंपनी स्थापन केली. पुस्तकांनी ‘संकरित’ हा शब्द दिला. गावाने ‘हायब्रीड’ उचलला. मग बेचव भाजी हायब्रीड झाली आणि नाजूक प्रकृतीची पोरेही हायब्रीड झाली. १९७२ च्या दुष्काळात परदेशातून आलेली लाल ज्वारी लोकांनी ‘मिलो’ याच नावाने लक्षात ठेवली. त्या पिढीसमोर आजही हा एक शब्द उच्चारला की ते वर्ष उभे राहते.

संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे म्हणून साजरे केले. त्याच वर्षीच्या केंद्रीय अर्थसंकल्पात या धान्यांना ‘श्री अन्न’ म्हटले गेले. ‘भरड’ या शब्दातला उणेपणा घालवण्याचा हेतू चांगलाच. तरीही मनात येते, की सन्मान करायचा तर नवे नाव कशाला? जोंधळा, बाजरी, नाचणी, वरई ही नावे पुरेशी सन्मान्य नाहीत काय? वरून दिलेले नाव आणि वरून मारलेली लाल रेघ यांत आम्हांला फारसा फरक वाटत नाही.

प्रमाणभाषा नकोच, असे आमचे म्हणणे नाही. परीक्षेला, कारभाराला ती हवी. पण प्रमाण शब्द शिकवणे वेगळे आणि घरचा शब्द खोडणे वेगळे. आज जिल्ह्याच्या शिवारात कापूस, सोयाबीन आणि मका यांनी मोठी जागा घेतली आहे. पीक हलले की शब्दही हलतात. कशाचेही ‘पेव फुटले’ असे लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना पेव म्हणजे धान्य साठवण्याचे जमिनीतले कोठार, हे सांगावे लागते. तिवडा, पाचुंदा, कणगी यांचीही तीच गत होऊ घातली आहे.

म्हणून आमची सूचना साधी आहे. भाषाविज्ञान शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने घरातल्या सर्वांत वृद्ध व्यक्तीकडून धान्याचे आणि भाकरीचे दहा शब्द, त्यांच्या वाक्यांसह, लिहून आणावेत. शिक्षकाने ते कोशांशी ताडून पाहावेत, आणि कोशात न सापडलेल्या शब्दाला अधिक गुण द्यावेत. आम्ही आमच्या वर्गापुरती ही सुरुवात करीत आहोत. त्या विद्यार्थ्याचा एक शब्द आम्ही देणे लागतो.