पोराला बदडून काय साधते?

गावात एखादी पोरगी ट्रॅक्टर हाकते, रात्रीची दारे धरते, दुधाचे कॅन मोटारसायकलला अडकवून डेअरीला घालते. बाप पारावर बसून कौतुकाने सांगतो, "पोरगी नव्हं, पोरगाच हाय माझा!" त्याच घरातला पोरगा चुलीपुढे भाकरी थापू लागला, अंगणात रांगोळी काढू लागला, पोरींच्यात रमू लागला, की त्याच बापाच्या कपाळाला आठी पडते. "बायल्या निपजला" म्हणून पाठीवर वळ उठतात. आईला वेगळेच ऐकावे लागते, "तूच लाडावून ठेवलास!"

म्हणजे पोरीने पुरुषाचे काम केले तर ती वर चढली आणि पोराने बाईचे केले तर तो खाली घसरला. घरातल्या बाईला आपण काय किंमत देतो, तेच यातून दिसते. पोरीचे कौतुकही स्थळ येईपर्यंतच. पाहुणे यायचे ठरले की ट्रॅक्टरची किल्ली काढून घेतात.

बालगंधर्वांची नेसण्याची ढब घरंदाज बायकांनी उचलली. गणपत पाटलांच्या नाच्याला आपणच टाळ्या दिल्या. रंगमंचावर चालते ते ओसरीवर मात्र चालत नाही.

मग उपाय सुरू होतात. पहिला मार, दुसरा देवरुषी. सीमाभागात तर यल्लम्माला सोडून मोकळे होणारेही होते. सर्वांत वाईट उपाय लग्नाचा. "दोनाचे चार झाले की येईल वळणावर" म्हणून दुसऱ्याची लेक घरात आणायची. वळण काही लागत नाही, पण तिच्या जन्माची माती होते. तिचा काय गुन्हा?

अशी सगळीच पोरे तृतीयपंथी नसतात. कुणी पुढे चारचौघांसारखा संसार करतो, कुणाचे मन पुरुषाकडे ओढते, कुणाला आपण बाईच आहोत असे वाटत राहते. ते आजच ठरवायची घाई कशाला? हा आजार नाही. असल्यांना 'सुधारण्याचे' उपचार म्हणजे डॉक्टरचे गैरवर्तन, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये बजावले. तृतीयपंथीयांचे हक्क सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्येच मान्य केले. 2017 मध्ये सोलापूर जिल्ह्यात, माळशिरस तालुक्यातल्या तरंगफळने तृतीयपंथी व्यक्तीला सरपंच म्हणून निवडून दिले. गावाला जे जमले ते घराला का जमू नये?

घराने टाकलेले पोर शाळा सोडते, मिळेल ती गाडी धरून शहर गाठते. हाताला शिक्षण नाही, काम कोण देणार? मग टाळी वाजवून मागणे नशिबी येते, आणि आपणच नाक मुरडतो.

तेव्हा आईबापांनी एवढे तरी करावे. हात उगारू नये. शाळेत चिडवतात म्हणून पोर घरी बसले, तर मास्तरांना जाऊन भेटावे. शाळा सुटू देऊ नये. भावकीत कुणी टोमणा मारलाच, तर बापाने मान खाली न घालता म्हणावे, "कसं का असंना, पोरगं माझं हाय." एवढे एक वाक्य बापाच्या तोंडून ऐकले, तर त्या पोराला घर सोडावे लागणार नाही.