गिझर लहान की शॉवर मोठा?

हिंजवडीत राजीव गांधी इन्फोटेक पार्कच्या आसपास टोलेजंग इमारती उभ्या राहिल्या आणि नळकाम व सॅनिटरी मालाच्या धंद्याला बरकत आली. आपले अनेक कारागीर तेथे कामाला जातात. त्यांना एक तक्रार हमखास ऐकावी लागते, गरम पाणी दोन मिनिटांत संपते. दुकानदाराचे उत्तर ठरलेले : पंचवीस लिटरचा गिझर घ्या. हे उत्तर पुष्कळदा चुकीचे असते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हिशेब साधा आहे. 15 लिटरच्या गिझरमध्ये 60 अंशांचे पाणी आणि नळाचे पाणी 20 अंशांचे धरा. अंघोळीला 40 अंश पुरतात. म्हणजे निम्मे गरम, निम्मे गार, एकूण फार तर 30 लिटर. (गिझरमध्ये गार पाणी शिरत असल्याने प्रत्यक्षात तेवढेही मिळत नाही.) मिनिटाला 15 लिटर सोडणारा रुंद शॉवर हे पाणी दोन मिनिटांत संपवतो, 6 लिटरचा शॉवर पाच मिनिटे पुरवतो. संपलेला गिझर 2 किलोवॅटच्या कॉइलवर पुन्हा तापायला वीसेक मिनिटे लागतात. तोवर घरातला दुसरा माणूस टॉवेल घेऊन ताटकळतो. गच्चीवरची सोलर टाकी सामाईक असेल, तर एकाच्या शॉवरपायी शेजाऱ्याला गार पाणी! त्यात हा टँकरवर भिस्त असलेला भाग.

अमेरिकेने 1992 च्या कायद्याने शॉवरला मिनिटाला अडीच गॅलन, म्हणजे सुमारे साडेनऊ लिटरची मर्यादा घातली. तिथल्या शॉवरवाल्यांचा धंदा काही बुडाला नाही.

प्लंबर बंधूंनी गिझरला हात लावण्याआधी शॉवरखाली 10 लिटरची बादली धरून घड्याळ पाहावे. 40 सेकंदांत भरली तर दोष शॉवरचा. मात्र कमी पाण्याचा शॉवर सर्वत्र सरसकट बसवू नये. टाकीच्या लगत खालच्या मजल्यावर दाब कमी असतो, तेथे तो नुसता ठिबकतो. उलट प्रेशर पंप बसवला की साधा शॉवरही गिझर रिकामा करतो. 3 किलोवॅटच्या इन्स्टंट गिझरखाली तर शॉवर देऊच नये. मिनिटाला दोन लिटर पाणी 20 अंशांनी तापवता तापवता त्याची दमछाक होते.

मोठ्या गिझरवर नफा अधिक सुटतो, हे मान्य. पण महिनाभराने तीच तक्रार घेऊन गिऱ्हाईक दारात उभे राहते, तेव्हा शिव्या प्लंबरला बसतात. म्हणून दुकानदारांनी शॉवरच्या बिलावर किमतीशेजारी मिनिटाला किती लिटर, एवढे लिहून द्यावे.