दुखत नाही म्हणून दुर्लक्ष नको

लघवीतून एकदा रक्त गेले, दुसऱ्या दिवशी लघवी स्वच्छ झाली, दुखले-खुपले काहीच नाही. मग घरात ठरते, "उन्हाळी लागली असेल, धन्याचे पाणी प्या." कोणी भगिनी असेल तर पाळीचेच रक्त समजून गप्प बसते. आम्ही डॉक्टर नाही. परंतु कार्यकर्ते म्हणून रुग्णांबरोबर रुग्णालयाच्या रांगेत उभे राहताना असे बोल आम्ही पुष्कळदा ऐकतो. म्हणून आज मूत्रपिंडाच्या, म्हणजे किडनीच्या कर्करोगाविषयी.

मूत्रपिंडे पोटात मागच्या बाजूला खोलवर असतात. त्यामुळे गाठ लहान असेपर्यंत बाहेरून काही कळत नाही. दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत ती अचानक दिसते. गाठ वाढल्यावर लघवीतून रक्त जाते, कुशीत दुखत राहते, गोळा हाताला लागतो. वजन घटते, ताप राहतो, अंगातील रक्त कमी होते. लघवीत रक्त दिसले की कर्करोगच, असे मात्र नव्हे. मुतखड्याने किंवा जंतुसंसर्गानेही रक्त जाते. पण कारण कोणते, हे घरी बसून ठरत नाही. रक्त थांबले म्हणजे रोग गेला, असेही नाही. लघवीची तपासणी व सोनोग्राफी आणि डॉक्टरांनी सांगितल्यास सी. टी. स्कॅन करून घ्यावे.

बिडी-सिगारेट, लठ्ठपणा व उच्च रक्तदाब यांमुळे धोका वाढतो. पुरुषांत हा रोग स्त्रियांच्या सुमारे दुप्पट आढळतो. काही घराण्यांत तो आनुवंशिक असतो. कारखान्यात धातूच्या भागांवरील तेल-ग्रीस काढण्यासाठी वापरले जाणारे ट्रायक्लोरोएथिलीन हे रसायनही या कर्करोगास कारणीभूत ठरते. तेव्हा कामगार बांधवांनी आपण काय काम करतो, हे डॉक्टरांना जरूर सांगावे.

गाठ मूत्रपिंडापुरतीच असेल तर शस्त्रक्रिया हा मुख्य उपचार. लहान गाठ असल्यास बहुधा तेवढाच भाग काढतात, मोठी असल्यास पूर्ण मूत्रपिंड. "एक किडनी काढल्यावर माणूस जगेल कसा?" असे नातेवाईक घाबरून विचारतात. दुसरे निरोगी असेल तर ते एकटे काम भागवते. रोग अन्यत्र पसरला तर नेहमीच्या केमोथेरपीचा फारसा उपयोग होत नाही. गेल्या वीस वर्षांत त्यावर नव्या गोळ्या व रोगप्रतिकारशक्तीला बळ देणारी इंजेक्शने आली आहेत. पण ती महाग असून दीर्घकाळ घ्यावी लागतात. वेळीच तपासणी करण्यात जीव वाचतो आणि घरदारही वाचते, ते असे.

खर्चाच्या भीतीने कोणी मागे राहू नये. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपला उपचार बसतो का, हे योजनेतील रुग्णालयाच्या आरोग्यमित्राला विचारावे. रेशनकार्ड व आधारकार्डावरील नावे जुळतात का, हे आजच पाहून ठेवावे. ऐन वेळी त्यातच दिवस जातात. आणि घरातील वडीलधाऱ्यांना एकदा स्पष्ट विचारावे. लाजेपायी ते आपणहून सांगणार नाहीत.