जुन्या डब्यातील जर्मन नाणी

जुनी वस्तू म्हणजे मोलाची वस्तू, ही समजूत आपल्या घराघरांतून इतकी दृढमूल झालेली आहे की, तिजविषयी शंका घेणेही कोणास प्रशस्त वाटत नाही. गेल्या महिन्यात ह्या समजुतीची परीक्षा पाहण्याचा प्रसंग मजवर आला. मी परीक्षक म्हणून बसलो आणि अनुत्तीर्ण होऊन उठलो. तो वृत्तांत वाचकांच्या उपयोगी पडेल म्हणून येथे देतो.

माझे मामा नोकरीनिमित्त काही वर्षे जर्मनीत श्टुटगार्ट येथे होते. सुट्टीच्या दिवशी तेथील जुन्या बाजारात हिंडून त्यांनी एकेचाळीस नाणी जमविली व ती एका पत्र्याच्या डब्यात ठेविली. त्यांच्या पश्चात घर, शेत व भांडीकुंडी यांची वाटणी दोघा मामेभावांनी शब्दाने शब्द न वाढविता केली. परंतु हा डबा आडवा आला. संख्येने निम्मी वाटावी, तर नेमके लाखमोलाचे नाणे दुसऱ्याच्या वाट्यास जाईल, ही दोघांसही धास्ती. थोरल्या बंधूंनी तर त्या भरवशावर नातीच्या शिक्षणाचा बेत मनाशी ठरविला होता. महिनाभर दोघांत बोलणे नव्हते. अखेरीस, ‘भावोजी, तुम्ही शिकलेले, तुम्हीच काय ते मोल ठरवा,’ असे म्हणून वहिनींनी डबा मजपुढे ठेविला.

नाण्याचे मोल ठरविण्याची पहिली पायरी म्हणजे ते नीट वाचणे. जर्मन साम्राज्य १८७१ साली स्थापन झाले व मार्क हे त्याचे चलन ठरले. एका मार्काचे शंभर फेनिग. नाण्यावर साल असते, तद्वत एक लहानसे अक्षरही असते, ते टांकसाळीचे. ‘ए’ म्हणजे बर्लिन, ‘डी’ म्युनिक, ‘एफ’ श्टुटगार्ट, ‘जी’ कार्ल्सरूह, ‘जे’ हँबुर्ग. एकाच सालचे व एकाच रूपाचे नाणे एका टांकसाळीत लाखांनी पाडलेले असते, तर दुसरीत थोड्या हजारांनी. ते अक्षर न पाहता सांगितलेली किंमत म्हणजे गोत्र न विचारता जुळविलेली सोयरीक होय.

दुसरी पायरी धातूची. डब्यात कैसर दुसरा विल्हेल्म याच्या मुखवट्याची, १९०९ सालची, ‘ए’ अक्षराची तीन मार्कांची नऊ नाणी निघाली. अशा नाण्याचे वजन १६.६६७ ग्रॅम व त्यात नऊ दशांश चांदी. म्हणजे शुद्ध चांदी पंधरा ग्रॅम. ही नाणी विपुल असल्यामुळे त्या दिवसाच्या चांदीच्या भावाहून त्यांस फारसे अधिक मिळत नाही. हा मोलाचा तळ. सराफाच्या काट्यावर वजन केल्याने पुष्कळ खोटी नाणीही उघडी पडतात. ल्यूथरच्या धर्मसुधारणेस चारशे वर्षे झाली म्हणून सॅक्सनीने १९१७ साली तीन मार्कांचे एक नाणे काढले. ती अवघी शंभर पाडली गेली. त्याच्या नकला मात्र पुष्कळ आहेत. असे नाणे कोणाच्या डब्यात सापडल्यास प्रथम नक्कल समजावे व मग काट्याकडे जावे.

नाण्यावरील आकड्याने तर मुळीच भुलू नये. धाकट्याने पाचशे मार्कांचे एक नाणे रेशमी कापडात गुंडाळून निराळे ठेविले होते. ते १९२३ सालचे, ॲल्युमिनियमचे! त्या वर्षी जर्मनीत चलन इतके घसरले की, नोव्हेंबरात एका डॉलरास ४.२ लाख कोटी मार्क पडू लागले, आणि जुन्या एक लाख कोटी मार्कांच्या बदल्यात एक नवा रेंटेनमार्क देण्यात आला. त्या वर्षीची ॲल्युमिनियमची नाणी आजही स्वस्तात मिळतात.

थोरल्या बंधूंची सारी भिस्त पन्नास फेनिगच्या एका नाण्यावर होती. साल १९५०, अक्षर ‘जी’. मागे ओकचे रोप लावणारी स्त्री. हे नाणे दुर्मिळ असल्याचे त्यांनी ऐकिले होते, आणि ते अर्धे खरेही होते. कार्ल्सरूहच्या टांकसाळीने १९५० साल घातलेली तीस हजार नाणी ‘बांक डॉइचर लेंडर’ ह्या जुन्याच लेखाने पाडली. दुर्मिळ ती तेवढी. इतर सर्वांवर ‘बुंडेसरेपुब्लिक डॉइचलांड’ आहे. मी भिंग त्यांच्याच हाती दिले. त्यांनी ते अक्षर अक्षर लावून वाचले व काही न बोलता भिंग खाली ठेविले. जर्मनीची मध्यवर्ती बँक असे नाणे आजही बदलून देते. त्याचे साधारण सव्वीस युरो-सेंट येतात.

तिसरी पायरी नाण्याच्या स्थितीची. आणि येथे माझी पाळी आली. जर्मन परिभाषेत ‘सुंदर’ म्हणजे बरेच झिजलेले, ‘अतिसुंदर’ त्याहून बरे, ‘उत्कृष्ट’ म्हणजे किंचितच वापरलेले, आणि ‘ठशाची झळाळी’ म्हणजे न वापरलेले. डब्याच्या तळाशी जर्मन पूर्व आफ्रिकेचा १८९० सालचा एक रुपया होता. त्या किनाऱ्यावर हिंदुस्थानी रुपया चालत असे. म्हणून तेथील जर्मन कंपनीनेही तेवढ्याच वजनाचा, ११.६६ ग्रॅमचा, रुपया काढिला. त्याचे चौसष्ट पेसा होत. परमुलखात आपल्या रुपयाचे नाव दिसले म्हणून मामांनी तो हौसेने घेतला होता. कैसरच्या शिरस्त्राणावरील गरुडाचे पीस न् पीस तेव्हा स्पष्ट होते. पुढे एका लक्ष्मीपूजनास मामांनी तो पूजेत मांडावयास दिला, आणि मी तो रांगोळीने घासून लखलखीत केला. भिंगातून पाहता त्यावर शेकडो ओरखडे दिसले. न घासलेल्या नाण्यास मिळणाऱ्या किमतीचा लहानसा अंशच आता त्यास मिळेल.

ती किंमत सूचीतून घेऊ नये. दुकानदाराने मागितलेलीही धरू नये. लिलावात तशाच नाण्यास प्रत्यक्ष काय आले ते पाहावे व त्यातून लिलावाची दलाली वजा करावी. शिवाय शंभर वर्षांहून जुने नाणे आपल्या १९७२ च्या पुरावस्तु कायद्याच्या कक्षेत येत असल्याने ते आपल्या मर्जीने परदेशी धाडता येत नाही.

मी दोघा भावांपुढे माझा अपराध सांगितला व न घासलेल्या रुपयाचे मोल भरून देऊ केले. थोरले बंधू म्हणाले, ‘दादांनी तो त्या दिवशी कौतुकाने सर्वांस दाखविला होता. तुझे पैसे घेऊन आम्ही काय करावे?’ चांदीची नाणी वजनाने वाटली, बाकीची संख्येने. रुपया तेवढा सामायिक राहिला. नातीच्या शिक्षणाची तरतूद आता शेताच्या उत्पन्नातून होईल, आणि धाकट्याने त्यात आपला वाटा घातला आहे.

असो. वाचकांच्या घरी असा एखादा डबा असल्यास त्यातील नाणी वाचावीत, तोलावीत, कडेने धरून पाहावीत; पण सणासुदीच्या भांड्यांबरोबर घासावयास मात्र काढू नयेत, इतकीच विनंती.