पुरण्यापूर्वी निवडावे

पेडणे-डिचोलीच्या घरांत येणाऱ्या विजेत तारापूरच्या अणुवीजकेंद्राचाही थोडा वाटा असतो. तेव्हा त्या विजेमागे उरणाऱ्या किरणोत्सर्गी कचऱ्याचे काय करावे, हा प्रश्न आपलाही आहे. ‘खोल पुरून टाकावा’ हे उत्तर पुष्कळांच्या जिभेवर असते. आम्हांस ते अपुरे वाटते. पुरण्यापूर्वी तो निवडला पाहिजे.

निवडण्याची रीत स्वयंपाकघरातही दिसते. कालवण उकळले की मिरचीचा तांबडा रंग तेलाबरोबर वर येतो. मीठ मात्र खालच्या पाण्यातच राहते. ट्रॉम्बे येथे १९६४ साली सुरू झालेल्या कारखान्यात हेच तत्त्व योजिले गेले. वापरलेले अणुइंधन नायट्रिक आम्लात विरघळवावयाचे आणि ते द्रावण, केरोसीनसारख्या तेलात मिसळलेल्या ट्रायब्यूटिल फॉस्फेटबरोबर घुसळावयाचे. युरेनियम व प्लुटोनियम तेलात जातात; बाकीची बहुतेक द्रव्ये आम्लात राहतात. यास द्रावक-निष्कर्षण म्हणतात.

खरी अडचण या उरलेल्या आम्लाची. त्यातील सिझियमचा जोर सुमारे ३० वर्षांत निम्मा होतो; अमेरिसियमला त्यासाठी ४३० वर्षे लागतात, तर नेप्च्युनियमला २१ लाखांहून अधिक! इतक्या भिन्न आयुष्यांची द्रव्ये एकाच काचेत कोंडून पुढील पिढ्यांच्या हवाली करणे आम्हांस पटत नाही. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या रसायनज्ञांनी, सिझियम नेमके बसेल अशा पोकळीचे रेणू द्रावकात घालून ते वेगळे काढले आणि काचेच्या कांड्यांत बंदिस्त केले. रुग्णास द्यावयाच्या रक्तावर किरण सोडण्यास त्या कांड्या उपयोगी पडतात.

डिचोलीकरांस याचे नवल वाटू नये. खाणींच्या कडेला टाकाऊ म्हणून रचलेल्या ढिगांतील हलके खनिज पुढे परदेशी विकले गेलेच. मात्र तत्पूर्वी कित्येक पावसाळे तीच माती शेतांत उतरली होती.

निवडीवर आक्षेप आहेत आणि ते पोकळ नाहीत. निवडल्याने किरणोत्सर्ग नाहीसा होत नाही. द्रावक किरणांनी बिघडतो व त्याचाही कचराच होतो. शिवाय ट्रॉम्बे येथे वेगळे काढलेले प्लुटोनियमच १९७४ साली पोखरणच्या स्फोटात वापरले गेले. म्हणून आमची मागणी दुहेरी आहे: कचरा निवडावा, आणि किती द्रावक बिघडला, काय वेगळे निघाले व ते कोठे गेले, याचा हिशेब दरवर्षी सामान्य माणसास कळेल अशा भाषेत प्रसिद्ध व्हावा.