स्लाइड रूलला बेरीज येते का?

दिवाळीची आवराआवर म्हणजे माळ्यावरच्या जुन्या वस्तूंचे वार्षिक संमेलनच! अंबरनाथ-बदलापूरकडच्या एखाद्या निवृत्त इंजिनिअरच्या घरी त्यात एक पांढरी पट्टी निघते. मधला भाग मागेपुढे सरकतो, वर काचेची चौकट. "आजोबा, हिच्यावर बेरीज होते?" नातू विचारतो. आजोबा म्हणतात, "गुणाकार सांग, भागाकार सांग, वर्गमूळ सांग. बेरीज तेवढी सांगू नकोस!"

गंमत अशी की, वाचकहो, ही पट्टी मुळात बेरीजच करते. शाळेतल्या दोन फूटपट्ट्या एकमेकींना लावून सरकवल्या, तर २ आणि ३ मिळून ५ होतात. स्लाइड रूलवरची अंतरे मात्र सारखी नसतात. नेपियरने १६१४ साली प्रसिद्ध केलेल्या लॉगरिदमच्या मापाने ती आखलेली असतात. २५ सेंटिमीटरच्या पट्टीवर २ चा आकडा साडेसात सेंटिमीटरवर, ३ चा सुमारे बारावर. दोन्ही लांब्या जोडा, साडेएकोणीस होतात. तिथे आकडा असतो ६! बेरीज लांब्यांची, उत्तर गुणाकाराचे.

आकड्यांची बेरीजही आडवाटेने जमते. ३६ आणि २४ घ्या. ३६ ला २४ ने भागा, दीड आले. त्यात मनात १ मिळवा, अडीच झाले. अडीचला २४ ने गुणा, झाले ६०. पण हा म्हणजे शेजारच्या घरी जायला कल्याणहून गाडी बदलण्याचा प्रकार!

खरी अडचण पुढेच आहे. अंबरनाथला १९५३ साली संरक्षण खात्याचा यंत्र-नमुन्यांचा कारखाना निघाला. त्या काळच्या इंजिनिअरला आराखड्यापुरते पहिले तीन आकडे बहुधा पुरत. एका स्टेशनावर, १९४९ साली नाव मिळालेल्या उल्हासनगरात, फाळणीनंतर आलेल्या सिंधी मंडळींनी दुकाने थाटली. तिथल्या खातेवहीला तीन आकडे कसे पुरणार? ४,९८६ आणि ४,९९० यांच्यात त्या पट्टीवर मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी अंतर पडते. डोळ्याला ते दिसत नाही; दुकानदाराला मात्र चार रुपये दिसतात!

म्हणून हिशेब कागदावर आणि गणित पट्टीवर, अशी वाटणी होती. १९७२ साली ह्यूलेट-पॅकार्डचा खिशातला कॅल्क्युलेटर आला आणि पट्टी हळूहळू माळ्यावर गेली.

तिच्याबरोबर एक सवयही गेली. पट्टी दशांशचिन्ह सांगत नसे. उत्तर ५० की ५०० की ५,०००, हे माणसाला आधी मनात ठरवावे लागे. आज मोबाइल पैशापर्यंत अचूक उत्तर देतो. पण बोटाने एक शून्य जास्त दाबले, तर तेही तितक्याच अचूकपणे दाखवतो. तेव्हा यंदा फराळाच्या सामानाची यादी मुलांच्या हाती द्या, बेरीज खुशाल मोबाइलवर करू द्या. फक्त बटण दाबण्यापूर्वी विचारा, "अंदाजे किती होतील, सांग पाहू?"