बालविभागाच्या कपाटाची किल्ली कुणाकडे आहे?

मंडळी, पोस्ट लांब आहे. वेळ काढून वाचा. येत्या रविवारी आपल्या वाचनालयाची वार्षिक सर्वसाधारण सभा आहे आणि त्याआधी हे बोलून टाकायलाच हवं.

गेल्या आठवड्यात वाचनालयाच्या फलकावर नव्या पुस्तक खरेदीची यादी लागली. वर ठळक अक्षरात लिहिलंय, ‘वाचकांच्या आवडीनुसार वैविध्यपूर्ण निवड’. खाली चार गट: प्रेरणादायी, पाककला, पालकत्व आणि बालसाहित्य. मी उभ्या उभ्या सगळी यादी वहीत उतरवून घेतली. निम्म्याहून जास्त जागा प्रेरणादायीनं खाल्लीय. श्रीमंत कसं व्हावं, पहाटे किती वाजता उठावं, मनातली भीती सात दिवसांत कशी घालवावी, असला सगळा माल. त्याखाली पाककला. मग पालकत्व: हट्टी मूल, अभ्यास न करणारं मूल, मोबाईल न सोडणारं मूल. आणि सगळ्यात शेवटी बालसाहित्य, एकच ओळ: ‘बोधकथा संच, १० पुस्तके’.

म्हणजे मुलांना कसं वाढवावं याची पुस्तकं जास्त आणि मुलांनी वाचायची पुस्तकं कमी! याला वैविध्य म्हणायचं?

मी पदाधिकाऱ्यांना विचारलं. उत्तर ठरलेलं होतं. ‘अहो, हल्ली मुलं कुठं वाचतात? सगळी मोबाईलमध्ये.’

आता त्याच वाचनालयातला माझा अनुभव सांगतो. दिवाळीच्या सुट्टीत शेजारची तिसरीतली पोरगी माझ्याबरोबर आली होती. बालविभागाचं कपाट काचेचं आहे. पोरगी काचेला नाक लावून उभी. ‘काका, ते मांजराचं चित्र असलेलं पाहिजे.’ कपाटाला कुलूप. किल्ली कुणाकडे? शिपायाकडे. शिपाई कुठे? रजेवर. परत कधी येऊ? ‘सोमवारी चौकशी करा.’ सोमवारी किल्ली सापडत नव्हती. तिसऱ्या वेळी पोरगी आलीच नाही. मोबाईलला कुलूप नसतं ना!

मुलं वाचत नाहीत असं म्हणण्याआधी कुलूप कुणी लावलं ते सांगा.

आता एकेक गट घेऊ.

प्रेरणादायी पुस्तकांना माझा विरोध नाही. वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’ १९८१ साली आलं. ते वाचून माणसं शेतीकडे, विज्ञानाकडे, कामाकडे वेगळ्या नजरेनं बघायला लागली. ‘अग्निपंख’ वाचून रामेश्वरमचा एक मुलगा आपल्या घरातला वाटायला लागतो. पण ही पुस्तकं एका माणसाचं आयुष्य सांगतात. गरिबी, चुका, हार, वर्षानुवर्षांची मेहनत, सगळं त्यात येतं. वाचणारा त्यातून आपलं आपण घेतो. यादीतल्या पुस्तकांत माणूस नाहीच, नुसती सूत्रं आहेत. नोकरीसाठी वणवण करणाऱ्या पोराला ती सांगतात, तुझा विचार चुकतोय म्हणून तुला यश मिळत नाही. भरती निघत नाही, गावात धंदा नाही, याचा दोषही त्याच्याच माथी! आणि एक पुस्तक वाचून काही झालं नाही, की दुसरं आहेच. या गटाची विक्री अशीच चालते.

त्या मानानं सगळ्यात प्रामाणिक गट पाककलेचा. काहीजण नाक मुरडतात, ‘बायकांसाठी पाककृती घेतल्या की झालं’ म्हणून. नाक मुरडायचं कारण नाही. लक्ष्मीबाई धुरंधरांचं ‘गृहिणी-मित्र’ १९१० सालचं, कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ १९७० सालची. किती घरांत ‘रुचिरा’ लेकीबरोबर सासरी गेली! त्यात वाटी-चमच्याचं माप आहे. पुस्तकात लिहिलं तसं करा, संध्याकाळी ताटात बघा. जमलं तर जमलं, नाही तर पुस्तक खोटं. यशाच्या सूत्रांची अशी परीक्षा कधी होते का हो? फक्त एक मागणी आहे. नेटवरून उचलून छापलेल्या पनीरच्या शंभर प्रकारांपेक्षा आपल्या भागातली ज्वारी-बाजरी, रानभाज्या, वाळवणं यांवरची पुस्तकं शोधून घ्या. ते ज्ञान आज्यांबरोबर चाललंय. आणि हा विभाग ‘महिलांसाठी’ म्हणून वेगळा मांडू नका. भूक पुरुषांनाही लागते.

आता पालकत्व. या विषयावर मराठीत चांगलं काम झालेलं नाही असं मुळीच नाही. पुण्याहून ‘पालकनीती’ मासिक १९८७ पासून निघतंय. गिजुभाई बधेकांचं ‘दिवास्वप्न’ मराठीत आहे, ‘तोत्तोचान’ही आहे. त्या तोत्तोचानला पहिल्या शाळेनं काढून टाकलेलं असतं. नव्या शाळेत पहिल्या दिवशी मुख्याध्यापक काय करतात? तिच्यासमोर बसतात आणि चार तास तिचं ऐकतात. मध्ये जांभई नाही, घड्याळ नाही. ‘दिवास्वप्न’मधला मास्तर काय करतो? वर्गाला गोष्टी सांगायला लागतो. दोन्ही पुस्तकांत मुलाला ‘सुधारायचं’ यंत्र कुठंच नाही.

आणि आपल्या यादीत? मुलाचा हट्ट मोडायच्या युक्त्या. मूल म्हणजे बिघडलेला पंखा आणि पुस्तक म्हणजे दुरुस्तीचं माहितीपत्रक! एक साधा प्रश्न आईबापांना विचारतो, आणि मी स्वतः बाप आहे म्हणून स्वतःलाही विचारतो. पालकत्वावरचं तीनशे पानांचं पुस्तक वाचायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्या वेळात मुलाला मांडीवर घेऊन किती गोष्टी वाचून झाल्या असत्या? मी माझ्या मुलाच्या बाबतीत हे उशिरा शिकलो. तोवर तो माझ्या मांडीवर मावत नव्हता.

आणि शेवटी बालसाहित्य. ‘बोधकथा संच’ हा शब्दच बघा. मुलाच्या हातात पुस्तक द्यायचं तर त्यातून बोध निघालाच पाहिजे, नाही तर पैसे वाया! मोठ्यांनी मात्र रहस्यकथा वाचायच्या, विनोदी वाचायचं, कंटाळा आला तर पुस्तक अर्धवट टाकायचं. मुलानं गोष्ट संपल्यावर ‘तात्पर्य’ पाठ करायचं. अशानं मूल पुस्तकापासून पळणारच. शाळेचाच तास परत, फक्त घंटा नाही.

मराठीत काय नाही? भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आहे. माधुरी पुरंदऱ्यांची ‘राधाचं घर’ आणि ‘यश’ आहेत. त्यातलं घर, त्यातले आजी-आजोबा, त्यातला पसारा आपल्या घरासारखा आहे. मूल चित्रात बोट घालून सांगतं, हे आपल्याकडे आहे! नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालयाची पुस्तकं परवडणारी आहेत. बालभारतीचं ‘किशोर’ १९७१ पासून निघतंय, त्याचे जुने अंक नेटवर फुकट वाचता येतात. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर मराठी चित्रकथा फुकट आहेत, छापूनही घेता येतात. म्हणजे ‘चांगलं मिळत नाही’ ही सबब चालणार नाही. शोधलं नाही, एवढंच खरं. विक्रेत्यानं गठ्ठा पुढं केला, आपण सही केली.

आता ‘पैसा नाही’ म्हणणाऱ्यांना. यादी छापण्याइतका पैसा आहे, प्रश्न तो कुठं घालायचा एवढाच आहे. १९४५ साली कोल्हापूर संस्थानानं सार्वजनिक ग्रंथालयांसाठी कायदा केला, तेव्हा देश स्वतंत्रही नव्हता. महाराष्ट्राचा कायदा १९६७ चा. त्या कायद्याखाली आपल्या वाचनालयाला मान्यता आणि अनुदान मिळतं. तो पैसा तुमच्या-माझ्या करातला आहे. तो कुणाच्या खाजगी आवडीचा नाही, आणि विक्रेत्याच्या सोयीचा तर अजिबात नाही.

‘मुलं पुस्तकं फाडतात’ म्हणता? फाटू देत. फाटलेलं पुस्तक म्हणजे हाताळलेलं पुस्तक. कपाटात वीस वर्षं कोरं राहिलेलं पुस्तक वाळवी खाते, तेव्हा कुणी हिशोब मागत नाही.

दरवर्षी १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन होतो. कलामांच्या फोटोला हार, मुलांच्या हातात पुस्तकं, फोटो काढून झाले की पुस्तकं परत कपाटात आणि कपाटाला कुलूप. हाही प्रकार बंद करा. प्रेरणा हारातून येत नाही, पुस्तक घरी न्यायला मिळालं की येते.

म्हणून रविवारच्या सभेत मी चार मागण्या लेखी देणार आहे:

१. लावलेली यादी थांबवा. बालसाहित्याला खरेदीच्या किमान एक चतुर्थांश रक्कम द्या.

२. बालविभागाचं कपाट शाळा सुटल्यावर रोज ५ ते ७ उघडं ठेवा. कुलूप काढून टाका.

३. चौदा वर्षांखालच्या मुलांना अनामत रक्कम नको. शाळेचं ओळखपत्र पुरे.

४. पुस्तक निवड समितीत एक प्राथमिक शिक्षिका आणि दोन मुलं घ्या. हो, मुलं! ज्यांच्यासाठी घ्यायचं त्यांना विचारायला लाज कसली?

यात कुणा एकावर राग नाही. पदाधिकारी विनामानधन काम करतात, लाईट बिलासाठी पदरमोड करतात, हे मला माहीत आहे. पण चांगल्या माणसांच्या हातूनही चुकीची यादी होते. ती बदलायला सभासदांनी सभेला यावं लागतं. गेल्या वर्षी सभेला खुर्च्या जास्त आणि माणसं कमी होती. आपण न गेल्यामुळे ही यादी झाली, हेही कबूल करू.

तुम्ही सभासद असाल तर रविवारी सकाळी दहाला या. नसाल तर सभासद व्हा. वर्गणी दोन प्लेट मिसळीपेक्षा जास्त नाही. आणि येताना घरातलं एक पोर बरोबर आणा. पोरांना मागं बसवू नका, पुढच्या रांगेत बसवा. काचेमागच्या मांजराचं पुस्तक कुणाला पाहिजे, ते पदाधिकाऱ्यांना समोर बघू दे.

शेजारच्या पोरीला मी पुन्हा विचारलंय. येते म्हणाली.

पटलं तर पुढं पाठवा. नाही पटलं तर खाली लिहा, भांडू. पण रविवारी या.